तुम्ही विचारलंत म्हणून: वाचनालयाच्या ग्रुपवर कुणी बोलत का नाही?

गावोगावच्या वाचनालयांचे कार्यवाह आणि ग्रंथपाल हा प्रश्न हमखास विचारतात. दीडशे सभासदांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला, पण पाच-सहा जण सोडले तर कुणी काही लिहीतच नाही. काय करावं?

आधी गेल्या महिन्याचे मेसेज वर सरकवून पाहा. सुप्रभात, वाढदिवस, फॉरवर्ड, आणि त्यात बुडालेली ‘उद्या वाचनालय बंद राहील’ ही एकुलती एक कामाची सूचना. बहुतेकांनी ग्रुप कधीच म्यूट केलेला असतो. दुसरीकडे कुठेही कळणार नाही असं काहीतरी तुमच्याकडून कळलं, तरच ते पुन्हा उघडून बघतील.

पहिलं काम फोनचं. वाचनालयाचं वेगळं सिमकार्ड घ्या आणि तो फोन देवघेवीच्या टेबलावरच राहू द्या. ग्रुप कार्यवाहांच्या खासगी नंबरवर असला की कार्यकारिणी बदलते आणि सगळं त्यांच्यासोबत जातं. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लिफाफ्यात घालून अध्यक्षांकडे ठेवा. सभासदाचा नंबर सेव्ह करताना नावाआधी सभासद क्रमांक टाका, म्हणजे फोनवरचं नाव रजिस्टरशी लगेच जुळतं.

साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. अनोळखी माणसांचे मेसेज यायला लागले की सगळ्यात आधी बायका ग्रुप सोडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून व्हॉट्सॲपची कम्युनिटी करा. तिच्या घोषणा-ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहितात आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवा, ज्याला हवं तो येईल. सभासद अर्जावर ‘मला मेसेज चालतील’ अशी एक ओळ घालून सही घ्या. ब्रॉडकास्ट लिस्टच्या भरवशावर राहू नका: एका लिस्टमध्ये 256 जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही.

आठवड्याला दोन मेसेज पुरेत. त्यातला एक नव्या पुस्तकांचा. इथे फोटोवरच सगळं अवलंबून असतं. एका फोटोत आठच पुस्तकं घ्या, त्याहून जास्त झाली की फोनच्या पडद्यावर कण्यावरची नावं वाचता येत नाहीत. खिडकीच्या उजेडात काढा. फ्लॅश मारला तर प्लॅस्टिकच्या कव्हरवर पांढरा डाग उमटतो आणि नेमकं लेखकाचं नाव त्याखाली जातं. फोटोखाली पुस्तकांची नावं आणि दाखल क्रमांक टाइप करा, कारण फोटोतली अक्षरं ग्रुपमध्ये शोधून सापडत नाहीत. आणि वाचनालय उघडं असतानाच पाठवा. ‘हे माझ्यासाठी ठेवा’ असं कुणी लिहिलं आणि उत्तर दुसऱ्या दिवशी गेलं, तर ती व्यक्ती पुन्हा लिहीत नाही.

‘तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?’ असले प्रश्न विचारू नका. एवढा मोठा प्रश्न समोर आला की माणूस ‘नंतर लिहू’ म्हणून पुढे जातो. निर्णय खरोखर त्यांच्या हातात द्या. दिवाळी अंकांची खरेदी ही त्यासाठी सगळ्यात चांगली संधी. 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासूनचं हे मराठी वेड आहे, त्यावर मत नसलेला वाचक सापडायचा नाही. नेहमीचे अंक तुम्ही घ्यालच. उरलेल्या पैशांत कोणते चार घ्यायचे, यावर पोल लावा. पोलमध्ये 12 पर्याय बसतात. एकेकच मत हवं असेल तर एकापेक्षा जास्त उत्तरांची सोय आठवणीने बंद करा, ती आधीपासून चालू असते. निकाल लागला की तोच अंक विकत आणा आणि त्याचा फोटो टाका. कार्यकारिणीने परस्पर दुसरा घेतला, तर पुढच्या पोलला कुणी हात लावणार नाही.

ज्येष्ठ सभासदांना मराठी टाइप करणं अवघड जातं. त्यांना बोलून पाठवायला सांगा आणि त्यांचा आवाज ऐकून दोन ओळी तुम्ही लिहून टाका. फॉरवर्ड करणाऱ्यांना चारचौघांत टोकू नका, मेसेज काढा आणि एकट्याला फोन करा. थकीत वर्गणीची नावं तर ग्रुपवर कधीच टाकायची नाहीत.

यश अंगठ्यांवरून मोजू नका. देवघेवीच्या रजिस्टरमध्ये एक रकाना आखा आणि ‘ग्रुपवर पाहिलं’ म्हणून नेलेल्या पुस्तकापुढे खूण करा. तीन महिन्यांत कळेल कोणता मेसेज चालतो.

आणि सगळ्यात परिणामकारक मेसेज ग्रुपवरचा नसतोच. “काकू, तुम्ही मागितलेला दुसरा खंड परत आलाय. शनिवारपर्यंत टेबलाच्या खणात ठेवलाय.” एवढंच, एकाच सभासदाला. फक्त शनिवार म्हटलं की शनिवारच. रविवारी यादीतल्या पुढच्या माणसाला तोच मेसेज गेला पाहिजे.