परीक्षेत एक, देवघरात एक

"परीक्षेत महास्फोट लिही आणि घरी देवाने विश्व निर्माण केले असे म्हण," असे उत्तर आज संध्याकाळी घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी माझ्या भाचीच्या 'विश्व महास्फोटातून (बिग बँग) झाले की देवाने निर्माण केले?' या प्रश्नाला दिले, तेव्हा ती मान हलवून गप्प बसली. तिचा प्रश्न सुटला नव्हता. तिने विचारणे सोडून दिले होते. हे मला फार खटकले.

मला जॉर्ज लमेत्र आठवले. बेल्जियमचे हे भौतिकशास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरूही होते. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली गणिताने मांडले आणि १९३१ मध्ये त्याचा उगम एका आद्य अणूत असावा असे सुचवले; महास्फोटाच्या सिद्धान्ताचे मूळ हेच. पुढे १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या नव्या विज्ञानात निर्मात्याची साक्ष दिसते अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा आनंदित होण्याऐवजी लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे आणि तो निरीक्षणांवरच टिकावा किंवा पडावा, ही त्यांची भूमिका होती. (या सिद्धान्ताला भक्कम आधार देणाऱ्या, विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या प्रारणाचा (रेडिएशनचा) शोध १९६५ साली जाहीर झाला आणि मृत्यूपूर्वी ती वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचली, याचे मला फार समाधान वाटते.)

लमेत्र यांनी दोन्ही गोष्टी मनापासून मानल्या, एकीला दुसरीचा पुरावा मात्र होऊ दिले नाही. आमच्या घरातले उत्तर वरवर तसेच वाटते, पण त्यात महास्फोट फक्त गुणांपुरता उरतो.

तुमच्या घरातील मुलांनी हा प्रश्न विचारला, तर तुम्ही काय सांगता?