ताप किती ते नंतर सांगा, पोर खेळतंय का ते सांगा

मागच्या आठवड्यात आमच्याकडे पाच दिवस घोडबंदर रोड जाम होता. बाहेरचा असतोच हो, मेट्रोचे खांब उभे राहिल्यापासून आम्हा ठाण्याच्या कासारवडवलीकरांना त्याचं काही वाटेनासं झालंय. मी आमच्या हॉलमधल्या घोडबंदर रोडबद्दल बोलतेय. पण तो नंतर, आधी ताप.

रविवारी संध्याकाळी चिरंजीव (वय पाच, वजन १७ किलो, हे वजन लक्षात ठेवा पुढे लागणारे) खाली खेळून आले आणि आल्या आल्या सोफ्यावर आडवे. हा मुलगा स्वतःहून आडवा झाला म्हंजे काहीतरी गडबड आहे हे सांगायला थर्मामीटर लागत नाही, तरी लावला, १०२.४. आमच्या डॉक्टरांना मेसेज केला, त्यांचं उत्तर आलं पॅरासिटामॉल ५ एमएल, दर सहा तासांनी गरज वाटली तरच. मी फ्रीजवरच्या डब्यातली बाटली काढली, ५ एमएल मोजून दिलं आणि वाट बघत बसले. तासाभराने १०२. दोन तासांनी परत १०२.६. रात्रीचे अकरा, बाहेर धोधो पाऊस, आई (सासूबाई) मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या घेऊन तयार आणि नवरा ॲडमिट करायचं का म्हणून विचारतोय.

शेवटी लाज सोडून फोन केला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाटलीवर काय लिहिलंय, वाचून दाखवा." वाचलं तर ५ एमएलमध्ये १२० एमजी. डॉक्टर म्हणाले अहो मी २५०वालं धरून सांगितलंय, तुम्ही अर्धाच डोस दिलाय.

तर ही बाटलीची भानगड सगळ्यांना माहीत असायलाच हवी. पॅरासिटामॉलचं एक सिरप १२० किंवा १२५ एमजीवालं, एक २५०वालं, आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स तर १ एमएललाच १०० एमजी. डोस ठरतो वजनावर, किलोमागे साधारण १५ एमजी, म्हणून १७ किलोला २५० एमजी आणि चोवीस तासांत चारच्या वर नाही. माझी चूक कमी डोसची होती म्हणून निभावलं, उलट झालं असतं तर? ड्रॉप्सची बाटली सिरप समजून ५ एमएल दिली तर थेट ५०० एमजी पोटात. तेव्हापासून मी प्रत्येक बाटलीवर मार्करने आकडा लिहिते आणि जुनी बाटली टाकून देते, जीव कितीही तुटला तरी. आणि मोजायला बाटलीबरोबरचं झाकण नाहीतर सुई नसलेली सिरिंज, चहाचा चमचा नाही, आमच्याच घरात तीन साइझचे चहाचे चमचे आहेत.

डॉक्टरांचा दुसरा प्रश्न होता, "मघाशी ताप जरा उतरला तेव्हा खेळत होता का?"

खरं सांगते मला राग आला. पोरगं तापाने फणफणलंय आणि हा माणूस खेळाचं विचारतोय. पण त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या. ताप १०२ की १०३ यावरून आजार किती मोठा हे कळत नाही, साध्या व्हायरलमध्ये १०३ जातो आणि खरंच गंभीर आजारात कधी कधी १००.५ च असतो. बघायचं ते हे की औषधाने ताप उतरल्यावर मूल कसं आहे. उठून बसलं, पाणी मागितलं, भांडलं, खेळणं ओढलं तर आपल्याकडे वेळ आहे. ताप उतरूनही मलूल पडून राहिलं, नजर लावून बघत नाही, कुशीतून हलत नाही, तर घड्याळ न बघता निघायचं. (हे मोठ्या मुलांसाठी हं. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा त्याहून जास्त असेल तर खेळतंय की नाही काही बघायचं नाही, त्याच रात्री डॉक्टर.)

बरोबर डोस दिल्यावर पाऊण तासाने घाम आला आणि साडेबाराला आवाज आला, "आई, माझा डायनासोर कुठाय?" इतकं गोड वाक्य मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

आईंच्या पट्ट्यांबद्दलही बोलते नाहीतर अर्धवट राहील. बर्फाचं किंवा फ्रीजचं पाणी नको, त्याने अंग वरून गार पडतं, मूल कुडकुडतं आणि आत ताप तसाच. पुसायचंच तर कोमट पाण्याने, आणि तेही त्याला बरं वाटत असेल तरच. अंगावर दोन रजया घालून घाम काढायचा प्रकार तर अजिबात नको. आई म्हणाल्या आम्ही चार पोरं अशीच वाढवली. मी म्हटलं हो आई, आणि पातेल्यात गरम पाणी ओतलं. वाद कशाला घालायचा, त्यांच्या हाताने कपाळावरून फडकं फिरलं की तो शांत होतो हे पण खरंच आहे. फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवण्याच्या बाबतीत मात्र मी ऐकत नाही, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल.

सोमवारी दोन उलट्या. ओआरएसचं मोठं पाकीट घरात होतं. ते अख्खं एक लिटर पाण्यात घालायचं असतं, ग्लासभर पाण्यात थोडं थोडं टाकून चालत नाही कारण मीठ-साखरेचं प्रमाण चुकलं की उपयोग जातो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन पुरेना तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी कॉलऱ्याच्या पेशंटना पाजून कितीतरी जीव वाचवले, आणि आपण अजून मेडिकलमधून गोड ज्यूसचे खोके आणतो. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून मग चमचा-चमचा, दर एक-दोन मिनिटांनी. कंटाळवाणं काम आहे. मी डायनासोरला एक चमचा (खोटा), ह्याला एक चमचा (खरा) असं करत सव्वा तास बसले.

आता घोडबंदर रोड. मंगळवारी ताप असा की सकाळी १०२ आणि दुपारी पोरगं टणाटण, शाळेत पाठवता येत नाही आणि मला लॅपटॉपवर कॉल. मोबाईल दिला का? दिला, दोन तास दिला, मी काही आदर्श माता नाही. पण आजारी मुलाला मोबाईल दिला की ते मुकाट पडून राहतं आणि मग ते मलूल आहे की नुसतं कार्टूनमध्ये गुंगलंय हे आपल्याला कळत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी मी ब्राऊन टेप काढली आणि हॉलच्या लादीवर रस्ता चिकटवला, सोफ्यापाशी माजिवडा, टीव्हीखाली कासारवडवली. मधे मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे तीन पूल, व्यापार, लुडो आणि बुटाच्या खोक्याचे. गाड्या, डाळीचे डबे म्हणजे टँकर, कपड्यांचे चिमटे म्हणजे बाइकवाले. मी पंधरा मिनिटं बसले असेन, पुढचे दोन तास त्याने एकट्याने ट्रॅफिक जाम केला. दमला की पुलाशेजारीच लोळायचा, पाच मिनिटांनी परत उठायचा. आजारी मुलाला "झोपून राहा" सांगण्यात काही अर्थ नाही, दमलं की ते आपोआप आडवं होतं, त्याला खेळ फक्त जमिनीवर बसून करता येईल असा द्या. आईंनी नंतर राजमा आणि वाटाणे मिसळून निवडायला दिले, तेही चाललं. फक्त घरात रांगतं बाळ असेल तर हे नको, आणि थर्मामीटर तर कुणालाच खेळायला देऊ नका, त्यात बटण सेल असतो, तो गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते.

बुधवारी ताप उतरला, दिवसभर ९८-९९. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच "ओह ग्रेट, उद्या स्कूल!" आणि ह्याच दिवशी मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती, कारण पावसाळ्यात आपल्या ठाण्यात ताप म्हटलं की डेंग्यू डोक्यात येतोच आणि डेंग्यूचा धोका ताप उतरताना सुरू होतो. पोट दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून रक्त, चिडचिड किंवा एकदम सुस्ती. म्हणजे ताप नाही आणि मूल खेळतही नाही हे सगळ्यात वाईट. आणि डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड असली तापाची दुसरी औषधं स्वतःच्या मनाने द्यायची नाहीत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. टेस्ट सोमवारीच केली होती, निगेटिव्ह होती, तरी मी त्या दिवशी त्याच्या लघवीच्या फेऱ्या मोजत होते.

तो काय करत होता? वाघबीळच्या पुलावर सिग्नल नाही म्हणून आजीशी भांडत होता.

शाळेत शुक्रवारी पाठवला, औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास ताप नाही हे बघून. आमच्या शाळेत शंभर टक्के हजेरीचं सर्टिफिकेट देतात, ज्याने कुणी ते सुरू केलं त्याच्या घरी एकदा पाच वर्षांचं तापातलं पोरगं पाच दिवस ठेवायला द्यायला पाहिजे.

टेप काल काढली. गोंदाचा चिकट पट्टा लादीवर तसाच राहिलाय, खोबरेल तेल लावून घासायचाय. आई अजून देवघराकडे जाताना मानपाड्याला थांबतात, कारण तिथे रेड आहे.