चाळीस अंशांचा मंगळवार

19 जुलै 2022 रोजी सकाळी सात वाजता मी वॉरिकशायरमधल्या माझ्या उपचारखोलीच्या खिडक्या लावून पडदे ओढून घेत होते, आणि समोरच्या घरातली मंडळी आपल्या सगळ्या खिडक्या सताड उघडत होती. ब्रिटनच्या हवामान खात्याने अतिउष्णतेचा लाल इशारा दिला होता. असा इशारा त्या देशात प्रथमच दिला जात होता. तोवरचा उच्चांक 38.7 अंशांचा, 2019 च्या जुलैत केंब्रिजमध्ये नोंदलेला, आणि आज चाळिशी गाठली जाईल असे भाकीत होते. इथली घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात आणि छताला पंखा हा प्रकार जवळजवळ नसतोच. सोलापूरहून आईचा फोन आला, तेव्हा तिला माझ्या काळजीपेक्षा हसूच अधिक येत होते. "चाळीस होय? आपल्याकडं मे महिन्यात एवढ्यावर कुणी बोलत पण नाही. दारं-खिडक्या लावून घे, पडदे ओले कर अन् दुपारी बाहेर पडू नकोस," एवढे सांगून तिने फोन ठेवला. तिकडे आषाढी एकादशी होऊन नऊ दिवस झाले होते आणि तिच्या लेखी उन्हाळा केव्हाच संपला होता.

मी पंचतत्त्व ॲक्युपंक्चर करते. जे. आर. वर्स्ली (1923–2003) या इंग्रज गुरूंनी लेमिंग्टन स्पा येथील आपल्या महाविद्यालयातून ही शाखा पाश्चात्त्य जगात रुजवली. काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल ही तिची पाच तत्त्वे आहेत. आपल्या पंचमहाभूतांशी त्यांची गल्लत करू नये, कारण यांत वायूही नाही आणि आकाशही नाही. सोलापूरच्या मुलीने चिनी विद्या शिकली म्हटल्यावर आमच्याकडे प्रत्येकाला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले कोटणीस शल्यविशारद होते आणि सुयांशी त्यांचा संबंध नव्हता. भारतात ही विद्या आणली ती त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी. हे मी घरी अनेकदा सांगितले आहे, उपयोग होत नाही.

आमच्या शाखेत रोगाच्या नावापेक्षा रोग्यात कोणते तत्त्व मुळात डळमळले आहे याचा शोध महत्त्वाचा मानतात, आणि तो चार खुणांवरून घेतात: चेहऱ्यावरचा रंग, आवाज, अंगाचा गंध आणि भावना. अग्नी बिघडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर लाली असते, किंवा जिथे लाली असायला हवी तिथे राखेसारखा फिकेपणा असतो. बोलण्यात अस्थानी हसू असते. इस्त्रीखाली कापड किंचित करपावे तसा गंध असतो. आणि आनंद एकतर उतू जातो, नाहीतर सापडतच नाही. आधुनिक विज्ञानाने हे निदान सिद्ध केले आहे असे मी कुणाला सांगत नाही. माणसाकडे बारकाईने पाहायला लावणारी ती एक शिस्त आहे, आणि त्या शिस्तीतही किती सहज चुकता येते, ते मला त्या मंगळवारी कळले.

ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या बाई बहात्तर वर्षांच्या, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. एप्रिलमध्ये त्या झोप लागत नाही म्हणून आल्या. पती जाऊन दीड वर्ष झाले होते, आणि ते कसे गेले हे त्यांनी मला हसत हसत सांगितले. डोळ्यांच्या बाजूला, कानशिलांकडे, रंग अजिबात नव्हता. अग्नीची चार इंद्रिये मानतात: हृदय, लहान आतडे, हृदयरक्षक आणि त्रिदाह. यांतला त्रिदाह म्हणजे छाती, पोट आणि ओटीपोट या तीन भागांची ऊब सांभाळणारी व्यवस्था, आणि हृदयरक्षक म्हणजे हृदयाभोवतीचे आवरण. चिनी ग्रंथांत हृदय हा राजा आहे आणि त्याच्यावर येणारा घाव हा रक्षक स्वतःवर घेतो. मला तो नेहमी वाड्याच्या देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा वाटतो. दिंडी दरवाजा कोणासाठी उघडायचा आणि कोणासाठी नाही, हे ठरवणे त्याचे काम. बाईंचा पहारेकरी, माझ्या मते, एका मोठ्या घावानंतर दार लावून बसला होता.

सुरुवातीचे दोन महिने मी त्याच्यावर आणि त्रिदाहावर काम केले. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास ऋतूचा उपचार दिला. चिनी पंचांगात उन्हाळा मेच्या आरंभी सुरू होऊन ऑगस्टच्या आरंभी संपतो, म्हणून 21 जून हा त्याचा मध्य. त्या दिवसांत अग्नीच्या चारही इंद्रियांचे, अग्नी तत्त्वाचे मानलेले बिंदू वापरण्याची पद्धत आहे. तळहाताच्या मध्यावरचा लाओगोंग, म्हणजे 'श्रमाचा महाल', हा त्यांतला हृदयरक्षकाचा बिंदू. सुई टोचताना बाईंच्या तोंडून गाण्याची एक ओळ निघाली, आणि मी फार खूश झाले. त्याच उत्साहात मी त्यांना एक कागद दिला. 'ह्वांगदी नेईजिंग' या प्राचीन ग्रंथाच्या 'सूवन' भागातल्या दुसऱ्या अध्यायात ऋतूंप्रमाणे कसे वागावे ते सांगितले आहे. त्यातला उन्हाळ्याचा उतारा मी सोप्या इंग्रजीत लिहून दिला होता. रात्री उशिरा निजावे, पहाटे लवकर उठावे, सूर्याचा कंटाळा करू नये, मनात राग धरू नये, घाम मोकळा होऊ द्यावा, आणि आपले आवडते कोणी बाहेर उभे आहे अशा वृत्तीने राहावे. याच्या उलट वागल्यास हृदयाला इजा होते आणि शरदात तापाची दुखणी येतात, असेही तिथे म्हटले आहे.

बाई शिक्षिका होत्या. दिलेला गृहपाठ त्या पूर्ण करत. पावणेपाचला सूर्य उगवे, तेव्हा त्या बागेतल्या बाकावर असत. तीन आठवड्यांत झोप सुधारली आणि शेजारणीला चहाला बोलावणे सुरू झाले. कागदाबद्दल मला अभिमान वाटू लागला.

त्या मंगळवारी मी दुपारच्या सगळ्या अपॉइंटमेंट रद्द केल्या होत्या आणि बाईंना साडेआठला बोलावले होते. त्या चालत आल्या. दार उघडताच मला दिसली ती त्यांच्या गालांवरची आणि कानशिलांवरची लाली. चार महिने ज्या रंगाची मी वाट पाहत होते तो समोर उभा होता. मनात आलेला पहिला शब्द 'अखेर' हा होता, हे मी लाजून पण प्रामाणिकपणे लिहिते.

त्या बसल्या, हसल्या आणि म्हणाल्या, डोके जरा दुखते आहे. मी मनगट हातात घेतले. आम्ही दोन्ही मनगटांवर मिळून बारा नाड्या पाहतो. डाव्या हाताच्या पहिल्या जागी हृदय आणि लहान आतडे, उजव्या हाताच्या तिसऱ्या जागी हृदयरक्षक आणि त्रिदाह. अग्नीच्या चारही नाड्या उसळत होत्या आणि क्षणभर तेही मला शुभच वाटले. मग लक्षात आले की अग्नीच्याच काय, बाराही नाड्या धावत आहेत. घड्याळ लावून मोजले तर मिनिटाला 112 ठोके भरले. त्रिदाह तपासायला छातीवर, पोटावर आणि ओटीपोटावर तळहात ठेवून तिन्ही जागची ऊब ताडून पाहतात. कपड्यावरूनही तिन्ही जागा सारख्याच तापलेल्या लागल्या. हातपाय मात्र थंड आणि घामाने चिकट होते.

तेव्हा मी पंचतत्त्वे बाजूला ठेवली आणि आईने विचारले असते ते विचारले: पाणी शेवटचे कधी प्यायलात? लघवीला कधी गेला होता? काल संध्याकाळच्या चहानंतर काही घेतल्याचे त्यांना आठवेना. रात्री पोटऱ्यांत गोळे आले होते, सकाळी उठताना भोवळही आली होती. रविवारी आणि सोमवारी त्या बागेत किती वेळ बसल्या होत्या? "दुपारभर," त्या म्हणाल्या. "सूर्याचा कंटाळा करायचा नाही ना." मी केसपेपर उघडला. पहिल्याच पानावर, एप्रिलच्या तारखेखाली, माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: रक्तदाबासाठी रोज सकाळी लघवी वाढवणारी गोळी. कागद देताना मी ते पान उलटून पाहिले नव्हते.

सुयांचा डबा बंदच राहिला. बाईंना जमिनीवर गादी टाकून निजवले, पाय उशांवर उंच ठेवले, मानेला आणि काखांत ओले फडके लावले, हाताने वारा घातला आणि घोटाघोटाने पाणी दिले. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या 111 या सल्ल्याच्या क्रमांकावर फोन केला. शुद्ध नीट आहे का, बोलणे असंबद्ध नाही ना, असे प्रश्न विचारून तिकडच्या बाईंनी सांगितले की अर्ध्या तासात उतार पडला नाही तर तातडीच्या सेवेला, 999 ला, फोन करा, आणि गोळीविषयी त्यांच्या डॉक्टरांशी आजच बोला. तो अर्धा तास मी भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून काढला. विसाव्या मिनिटाला नाडी 96 वर आली. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी, फडके फार गार आहे, अशी तक्रार केली आणि माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला तो, दुसऱ्या दिवशीची गोळी घेऊ नका आणि तपासणीला या, असे सांगणारा.

त्यांना घरी सोडण्याचा प्रश्नच नव्हता. दिवसभर त्या माझ्याकडेच राहिल्या, अंधारलेल्या खोलीत. दुपारी बाहेर रस्त्याचे डांबर मऊ पडले असताना आत बरे वाटत होते, याचे त्यांना मोठे नवल वाटले. खिडक्या बंद ठेवून घर गार राहते हे त्यांच्या गावीही नव्हते. मी त्यांना सोलापूरचे सांगितले. दहाच्या आत लागणारी दारे, वाळ्याचे पडदे, माठ, कैरीचे पन्हे, आणि संध्याकाळी पाणी शिंपडून गच्चीवर घातलेली अंथरुणे. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत ग्रीष्मात माणसाचे बळ सर्वांत कमी असते असे सांगितले आहे. एरवी निषिद्ध असलेली दुपारची झोप त्या ऋतूत चालते, आणि ऊन व व्यायाम टाळावा असा आदेश आहे. 'सूवन'चा उन्हाळा फुलण्याचा, बाहेर पडण्याचा. आपला उन्हाळा तग धरण्याचा. वीस वर्षे दुसऱ्या उन्हाळ्यात वाढलेल्या मला पहिला उन्हाळा पुस्तकात सापडला, आणि तो मी इंग्लंडच्या बागेत बसलेल्या, गोळी घेणाऱ्या एका बाईंना जशाच्या तसा लिहून दिला. ऋतूशी जुळवून घ्यायला सांगणाऱ्या मीच दारात आलेला ऋतू पाहिला नव्हता.

मी त्यांची क्षमा मागितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की त्या दुपारभर बसल्या त्याला सूर्याचे वाक्य कारण नव्हते, ते त्यांनी मला उगाच सांगितले. कारण शेवटचे वाक्य होते, आवडते कोणी बाहेर उभे आहे, ते. त्यांचे पती जुलैच्या दुपारी काचघरात टोमॅटोंपाशी असायचे, आणि बाकावरून ते काचघर दिसते. हे सांगताना त्या हसल्या नाहीत. आवाज खाली गेला, अडखळला आणि तसाच राहिला. चार महिन्यांत हा आवाज मी प्रथमच ऐकत होते. मीही काही बोलले नाही. पन्ह्याऐवजी लिंबाचे सरबत होते, तेवढे पुढे केले.

चारच्या सुमारास बातमी आली की लिंकनशायरमधल्या कोनिंग्सबीला पारा 40 अंशांच्या वर गेला, तिथला 40.3 हाच पुढे उच्चांक ठरला. आईला कळवले तर तिचे उत्तर आले, "बरं. बाई बऱ्या आहेत का?"

संध्याकाळी आठनंतर बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गार झाली. चिनी घड्याळात सात ते नऊ ही हृदयरक्षकाची वेळ, हे मला रात्री आठवले. त्याला मी फारसा अर्थ देत नाही. बाईंना आता उठून उभे राहता येत होते. एका बाजूच्या खिडक्या त्यांनी उघडल्या, दुसऱ्या बाजूच्या मी. मग मी केसपेपरवर तारीख घातली, बिंदूंच्या रकान्यात रेघ मारली आणि त्यांना गाडीतून घरी सोडायला निघाले. वाटेत त्यांनी विचारले की टोमॅटोंना पाणी या वेळी घातले तर चालेल का. मी म्हटले, याच वेळी घालतात.