पाच सेंटिमीटर उंचीवरून

शनिवार, रात्री

आज खेळण्यातला वायरलेसवाला सैनिक फोटोत मनासारखा उतरला. एक गुडघा जमिनीवर, पाठीवर पेटी, रिसीव्हर कानाला. हिरव्या प्लॅस्टिकच्या सैनिकांमध्ये हा बहुतेक वेळा असतो, पण लढाई मांडताना त्याला मागेच ठेवतात, कारण तो गोळी झाडत नाही. मला हल्ली तोच सगळ्यात जास्त आवडतो. तो ऐकतोय. पलीकडून त्याला काय सांगतायत ते आपल्याला कळत नाही, आणि त्यामुळेच फोटोकडे बघत राहावंसं वाटतं.

पूर्वी मी सैनिक जमवायचे ते पलटणीनुसार. गणवेश जुळला पाहिजे, संच पुरा झाला पाहिजे. फोटो काढायला लागल्यापासून ते मागे पडलं. आता नवा सैनिक हातात आला की मी आधी त्याची मान बघते. नजर कुठे लागली आहे, भार कोणत्या पायावर आहे. घडवणाऱ्याने त्याच्या आयुष्यातला एकच क्षण निवडलेला असतो आणि तो काही आता बदलणार नाही. त्या क्षणाच्या आधी काय झालं असेल, पुढे काय होईल, हे आजूबाजूच्या जागेतून आणि प्रकाशातून उभं करणं एवढंच माझ्या हातात आहे. या छंदात मला खरी गोडी लागली ती इथे.

शिशाचे जुने सैनिक थोडेच आहेत, पण त्यांच्यावर जीव आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन ज्युनिअर यांनी १८९३ साली पोकळ ओतकामाने सैनिक बनवायला सुरुवात केली. वितळलेलं शिशाचं मिश्रण साच्यात ओतायचं, साच्याला लागलेला थर गोठला की आतला पातळ धातू लगेच बाहेर ओतून टाकायचा. उरतं ते नुसतं कवच. जर्मनीहून येणाऱ्या भरीव सैनिकांपेक्षा हे हलके आणि स्वस्त पडले आणि बाजार त्यांचा झाला. त्यांची ५४ मिलिमीटरची उंची आजही संग्राहकांमध्ये माप म्हणून चालते. १९६६ साली त्यांच्या ब्रिटन्स कंपनीने शिशाचे सैनिक बनवणं थांबवलं. ते हाताळले की मी साबणाने हात धुते, आणि लाकडी कपाटात, विशेषतः ओकच्या, त्यांना कधीच ठेवत नाही. त्या लाकडातून अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ निघते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. एकदा धरली की नक्षीच खाते.

त्यांचा रंग चकचकीत असतो, म्हणून दिव्यासमोर बटर पेपर लावूनच फोटो काढते. नाहीतर गालांवर नुसता उजेड चमकतो आणि चेहरा हरवतो. त्या चेहऱ्यात असतं तरी काय? डोळ्यांचे दोन ठिपके आणि मिशीची एक रेघ. पण प्रकाश बाजूने आला की एवढ्यातूनही कुणी गंभीर वाटतो, कुणी थकलेला.

रविवार

सकाळभर खिडकीत.

५४ मिलिमीटरचा माणूस म्हणजे खऱ्या माणसाचा साधारण बत्तिसावा भाग. हा आकडा मी सतत मनात ठेवते. लेन्स त्याच्यापासून तीस सेंटिमीटरवर असली, तर त्याच्या जगात मी जवळपास दहा मीटरवर उभी आहे. कॅमेरा अर्ध्या मीटर उंचीवरून खाली रोखला, तर मी पाचमजली इमारतीच्या गच्चीवरून बघतेय. त्याच्या नजरेला नजर द्यायची तर लेन्स जमिनीपासून पाच सेंटिमीटरवरच हवी. म्हणून मी फोन उलटा धरते, म्हणजे लेन्स खाली येऊन टेबलाला जवळजवळ टेकते. त्या उंचीवरून पाहिलं की खेळणं दिसायचं थांबतं आणि समोर माणूस उभा राहतो. या छंदात दुसरं काही शिकायला मिळालं नसतं तरी एवढ्यावर मी समाधानी असते.

अडचण असते ती धूसरपणाची. इतक्या जवळून फोटो काढला की स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद होतो. नाक स्पष्ट येतं, कान विरघळतो. दहा मीटरवरच्या खऱ्या माणसाच्या फोटोत सहसा असं होत नाही, त्यामुळे बघणारा लगेच ओळखतो की वस्तू लहान आहे. कॅमेऱ्याचं छिद्र एफ/११ किंवा एफ/१६ पर्यंत आवळलं की पट्टा रुंदावतो, पण आणखी आवळत गेलं की विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. फोनचा सेन्सर लहान असल्यामुळे त्याचा पट्टा मुळातच रुंद असतो, म्हणून या कामासाठी मला तोच बरा वाटतो. अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड लेव्हिन्थल यांनी १९७० च्या दशकापासून खेळण्यांचे फोटो काढताना हाच धूसरपणा मुद्दाम वापरला. त्यांचे सैनिक धुरातून, आठवणीतून आल्यासारखे दिसतात. ते काम मला फार मोठं वाटतं. माझी ओढ मात्र स्पष्ट चेहऱ्याकडे आहे.

मापात सगळं बसतं असं नाही. एक मिलिमीटरचा वाळूचा कण इथे तीन सेंटिमीटरची खडी होतो, म्हणून माती बारीक चाळणीतून चाळून घ्यावी लागते. पाण्याचा थेंब तर लहान करताच येत नाही. सैनिकाच्या खांद्यावर तो चेंडूएवढा दिसतो. त्यामुळे मी पाऊस दाखवत नाही, पाऊस पडून गेलेली ओली जमीन दाखवते. सूर्याला मात्र या मापाशी काही देणंघेणं नाही. त्याच्या उन्हातली सावली मोठ्या माणसाच्या पायाशी जशी पडते, तशीच या लहानग्याच्या पायाशी, कडेच्या मऊपणासकट त्याच प्रमाणात. कुठल्याही दिव्याने हे इतकं नेमकं साधत नाही. सकाळी ऊन तिरपं असतं तेवढाच वेळ मिळतो, आणि तो मी दुसऱ्या कशाला देत नाही.

मंगळवार

कापसाचा धूर, नारिंगी दिवा लावून केलेले स्फोट, हे आता नको वाटतं. दिसतं छान, पण त्या गोंधळात एकाही सैनिकाचा चेहरा लक्षात राहत नाही. सुरुंग शोधणारा घ्या. खाली मान, हातात लांब दांड्याचं यंत्र, पाऊल टाकावं की नाही अशा बेतात. त्याच्यापुढे मोकळी जमीन ठेवली की झालं, दुसरं काही लागत नाही.

आज अधिकाऱ्याला घेतलं. त्याचा एक हात वर, बोट पुढे, तोंड उघडं. संचात तो नेहमी शत्रूकडे बोट दाखवत उभा असतो. मी त्याला एकट्यालाच फिरवून आपल्या माणसांकडे तोंड करून ठेवलं. मूर्ती तीच, पण आता तो त्यांना परत बोलावतोय. मागची टेकडी अंधारात टाकली, चेहऱ्यावर बाजूने उजेड घेतला, आणि जाणवलं की ही आज्ञा द्यायला हल्ल्याच्या आज्ञेहून जास्त धीर लागत असेल.

आता त्याच्याकडे येणारी माणसं हवीत. धावणारे सैनिक आहेत माझ्याकडे, पण सगळे छातीशी रायफल धरून पुढे झुकलेले. त्यांच्या पायाखालचा चपटा तळ मातीत पुरून, कॅमेऱ्याकडे तोंड करून, एकमेकांपासून थोड्या अंतरावर ठेवले तर परतणारे दिसतील असं वाटतं. एकाच्या रायफलीची नळी वाकली आहे. गरम पाण्यात धरून सरळ करायची आणि लगेच थंड पाण्यात बुडवायची, म्हणजे तशीच राहते. उद्या ऊन यायच्या आत ते करून ठेवायचं.