खुकरीचा सोनार झोपला नव्हता

गेल्या महिन्यात कुडाळला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. बोलता बोलता एकाहत्तरचं युद्ध निघालं आणि शेजारचे एक गृहस्थ सहज म्हणाले, "खुकरी बुडाली तेव्हा सोनारवाले काय झोपले होते?" हातातला घास तसाच राहिला. नौदलातली माझी पंधरा वर्षं सोनारवरच गेली, म्हणजे पाण्याखालची पाणबुडी आवाजाने शोधणाऱ्या यंत्रावर. मंगलकार्यात वाद नको म्हणून गप्प बसलो, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

९ डिसेंबर १९७१. खुकरी आणि किरपाण या आपल्या नौदलाच्या दोन फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, दीवच्या नैऋत्येला 'हंगोर' ही पाकिस्तानी पाणबुडी शोधत होत्या. रात्री पावणेनऊच्या सुमारास खुकरीला टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावत येणारा स्फोटक बाण, लागला आणि काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी ६७ जणांना पाण्यातून काढलं.

आता सोनारचं. अंधारी, कोंदट खोली, कानाला हेडफोन. जहाजाच्या तळातून आवाज सुटतो, पिंग. तो कशावर तरी आपटून परत येतो, तो एको. पाणबुडी आपल्या दिशेने येत असेल तर एकोचा सूर किंचित चढतो, लांब जात असेल तर उतरतो. हा फरक कानात बसायला महिने लागतात. बांगड्याचा मोठा थवा एको देतो, तळाशी पडलेलं जुनं जहाज एको देतं, कधी समुद्राचा तळच देतो. चार तासांच्या पाळीत असे किती एको येतात आणि त्यातला खरा कुठला, हे ठरवताना मान आखडून जाते. तिथे झोप लागत नाही हो.

पण खरा घोळ पाण्याचा. आमच्याकडे बाथीथर्मोग्राफ असायचा, आम्ही त्याला बीटी म्हणायचो. तारेला बांधून खाली सोडायचा, वर काढला की काचेच्या छोट्या पट्टीवर रेघ उमटलेली असायची: किती खोलीवर किती तापमान. अरबी समुद्रात वरचा थर तापलेला असतो आणि खाली एका ठिकाणी तापमान झपकन उतरतं. तिथे आवाजाची वाट वाकते, खाली वळते. त्या थराखाली पाणबुडी बसली तर तुमचा पिंग तिच्यापर्यंत धड पोचतच नाही. सकाळी छान चालणारा सोनार दुपारी ऊन चढल्यावर आखडतो, हे मी कितीदा अनुभवलंय.

कोचीला प्रशिक्षणात हे पहिल्यांदा फळ्यावर पाहिलं तेव्हा मला आबा आठवले. मालवणच्या समुद्रात आयुष्य काढलेला माणूस. लहानपणी बुडी मारली की पायांना गारवा लागायचा, तर ते म्हणायचे, "वरचा पाणी तापला तरी खालचा थंडच आसता." अख्खा धडा त्या एका वाक्यात होता.

दुसरी गोष्ट पंगतीतल्या कुणालाच ठाऊक नव्हती. आंब्याच्या बागेत रात्री गुरखा काठी आपटत फिरतो. त्याला चोर दिसायच्या आधी चोराला तो कळतो. पिंगचं तसंच आहे. आवाजाला जाऊन परत यायचं असतं, पाणबुडीला तो फक्त जाताना ऐकायचा असतो. त्यामुळे ज्या अंतरावर जहाजाला काही सापडत नाही, त्याच्या कितीतरी पलीकडून पाणबुडीला जहाज ऐकू येतं. हंगोर ऐकत बसली होती. त्यात खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवायचा एक प्रयोग चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागे. संथ, सरळ चालणारं जहाज.

आणि जहाज तरी कसलं? खुकरी ब्रिटनमध्ये बांधलेली, ब्लॅकवूड वर्गातली. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजांच्या तांड्याला जी राखण लागली, तो अनुभव धरून कमी खर्चात केलेली रचना. जहाज ढकलायला एकच पंखा, तीन छोट्या तोफा आणि पाणबुडीसाठी लिंबो नावाच्या, तीन-तीन नळ्यांच्या दोन उखळी तोफा. लिंबोचा पल्ला साधारण ९०० मीटर. टॉर्पेडो त्याच्या कितीतरी पट लांबून येतो. तांड्याभोवती फिरताना हे चालून जातं, कारण पाणबुडीला सावजाजवळ यावंच लागतं. शिवाय महायुद्धाच्या काळातल्या बहुतेक पाणबुड्या पाण्याखाली फार हळू चालायच्या. इथे तांडा नव्हता. राखण करायला बांधलेलं जहाज शिकारीला पाठवलं होतं, आणि सावज होतं फ्रेंच बनावटीची, दाफ्ने वर्गातली नवी पाणबुडी, पाण्याखाली सोळा नॉट, म्हणजे ताशी सोळा सागरी मैल, धावणारी. दोष द्यायचाच तर या जुळणीला द्या. माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

निवृत्तीनंतर दीवला जाऊन आलो. चक्रतीर्थाजवळ टेकाडावर स्मारक आहे, काचेत खुकरीची प्रतिकृती, समोर समुद्र. दुपारची वेळ, पाणी आरशासारखं. मी सवयीने मनात म्हटलं, आज पल्ला मिळणार नाही. मग तिथल्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो.

त्या गृहस्थांचा नंबर यजमानांकडून घेतलाय. रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे. कागदावर बीटीची रेघ काढून दाखवेन, थर कुठे मोडतो ते दाखवेन, आणि त्या रेघेखाली हंगोर काढेन.