चपला झिजवणारा देव

देवळात शिरताना माझं निम्मं लक्ष देवाकडे असतं आणि निम्मं चपलांकडे. चप्पल नवी असेल तर देवाच्या वाट्याला पाव भागच येतो. एक चप्पल या खांबापाशी आणि दुसरी पार पलीकडे, तुळशीवृंदावनाच्या आडोशाला ठेवायची, ही युक्ती वडिलांची. एकटी चप्पल नेऊन चोर करणार काय, असं त्यांचं म्हणणं. चोराला कंटाळा आला की नाही माहीत नाही, पण बाहेर आल्यावर आम्हालाच शोधाशोध करावी लागायची.

आरवलीला मात्र चपला आत असतात, थेट देवासमोर.

आरवली वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याला लागून. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं. तिथला वेतोबा म्हणजे वेताळ, पण दगडाचा गोळा नव्हे. माणसाहून उंच, उभा, मिशावाला. पूर्वी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. त्याला नवस फेडायचा तो केळ्यांच्या घडाने किंवा चपलांनी. चपलाही त्याच्या मापाच्या, चामड्याच्या, चांगल्या हातभर लांब. देव रात्री गावाची राखण करत फिरतो. फिरला की तळवे झिजतात, झिजले की नवी जोडी लागते. इतका सरळ हिशेब आहे.

सात-आठ वर्षांचा असताना मी त्यातल्या एका चपलेत पाय घालून पाहिला होता. टाच जेमतेम मधोमध पोचली. तेवढ्यात आजीने पाठीत असा धपाटा घातला, की आजही चप्पल विकत घेताना पाठ जरा सावध होते. "मेल्या, तो पाय काढ आदी!" मग तिने माझ्या वतीने देवाची माफीही मागून टाकली. परतीच्या वाटेवर मी मामाला विचारलं, देवाच्या चपला खरंच झिजतात का? मामा म्हणाला, "तुजी झिजता मा? मगे तेची कशी झिजाची नाय?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

मोठा झाल्यावर, म्हणजे कॉलेजात दोन पुस्तकं वाचून आगाऊ झाल्यावर, मी मामासमोर तुकोबांना उभं केलं. जाखाई, जोखाई, मायराणी, मेसाबाई अशी सगळ्यांची हजेरी घेऊन तुकोबांनी एका अभंगात त्यांना उडवून लावलंय. वेताळाचं तर 'जळो त्यांचें तोंड काळें' म्हणून टाकलंय. मामाने सुपारी कातरता कातरता शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुकोबांचा काय चुकला नाय. पण त्यांचो विठोबा अठ्ठावीस युगा विटेर उभो. आमचो फिरता मरे!"

हा फरक मला अजून पुरतो. मोठे देव उभे असतात किंवा बसलेले, आपण त्यांच्याकडे जायचं. हे गावातले देव ड्युटीवर असतात. तळकोकणात आणि गोव्यात देवचार असतो. त्याच्या हातात दांडा, खांद्यावर कांबळं, म्हणजे थेट रात्रपाळीच्या राखण्याचा वेष. त्याला रोट देतात, दारू देतात, वर विडीही. हवालदाराला चहा विचारावा तसं. प्रत्येकाची हद्द ठरलेली आणि खातंही ठरलेलं. घाटावर विहिरीच्या काठी शेंदराचे सात ठिपके दिसले की समजायचं, पाणी साती आसरांच्या ताब्यात आहे. पिंपळ मुंजाचा. बांधावर म्हसोबा. पटकीची साथ मरीआईकडे. आरेच्या पाड्यांवर वारल्यांचा वाघोबा आहे आणि बिबट्याही आहे, त्यामुळे त्या खात्याला मुंबईतसुद्धा काम उरलंय. कोकणातल्या सातेरीदेवीची तर कित्येक देवळांत मूर्तीच नाही, चक्क वारूळ आहे, मातीचं.

सटवाईचं खातं सगळ्यांत अवघड. पाचव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहायचं. माझी मुलगी झाली तेव्हा आम्ही डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. पाटा-वरवंटा घरात नव्हता, तो आईने शेजारच्या काकूंकडून मागून आणला. मला कोरा कागद आणि पेन ठेवायला सांगितलं. मी टेबलावर सापडलं ते पेन ठेवलं. आईने ते उचललं, वर्तमानपत्राच्या कडेवर दोन रेघोट्या ओढून पाहिल्या. पेन उठेना. "रिकाम्या रिफिलने काय लिहील रे ती?" एरवी आई असल्या गोष्टी फारशा मानणारी नव्हे. पण काम करायला कुणी आपल्या दारी येणार असेल तर हत्यार धड हवं, एवढंच तिचं म्हणणं. रात्री नऊ वाजता मी चौकात जाऊन निळं बॉलपेन घेऊन आलो. पाच रुपयांचं दाखवलं होतं, मी दहाचं घेतलं.

या देवांशी बोलण्याची रीतही निराळी. स्तोत्र पाठ नसलं तरी अडत नाही. तळकोकणात गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्या आवाजात सांगायला लागतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणत साथ देतात. आमच्याकडे गाऱ्हाण्यात मोक्ष कुणी मागितलेला मी ऐकलेला नाही. गुरांना जनावर डसू नये, लेकीसुना सुखी असाव्यात, चाकरमानी मुंबईला नीट पोचावेत. शहाळं काढायला चढलेला खाली येताना सुखरूप यावा, हेही एकदा ऐकलंय. आणि नुसतं सांगून थांबत नाहीत, उत्तरही घेतात. देवाला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावायचे किंवा तांदूळ लावायचे आणि उजवीकडचं पडतंय की डावीकडचं ते बघत बसायचं. उजवा कौल मिळाला तर काम करायचं. निवडणुकीच्या निकालादिवशी वर्तमानपत्रं जो 'मतदारांचा कौल' छापतात, तो शब्द तिथेही चालतो. फक्त डावा कौल मिळाला तर आमच्या गावात फेरमोजणी मागतात. देव तीही देतो.

शहरात त्यांचं काय होतं? पुण्यात म्हसोबा गेट नावाचा बसथांबा झाला. मुंबादेवी एवढी मोठी झाली की ती मुळात कोळ्यांची गावदेवी, हे वेगळं सांगावं लागतं. माझ्या सोसायटीच्या कंपाउंडलगत एक शेंदूर लावलेला दगड आहे. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, पण बिल्डरने भिंत त्याला वळसा घालून बांधलीये. चार फूट कार्पेट एरिया बिल्डरने सोडला, यावरून तो देव जागृत असावा असं माझं मत आहे.

गेल्या मे महिन्यात मामाबरोबर पुन्हा आरवलीला गेलो. मामा आता ऐंशीचा आहे, काठी टेकत चालतो. दर्शन झालं, केळ्यांचा घड दिला. बाहेर येऊन चपला घातल्या आणि दुसऱ्याच पावलाला उजवीचा अंगठा तुटला. दुपारचे साडेबारा. जांभा दगड तव्यासारखा तापलेला. रिक्षा लांब, वडाखाली उभी. मी एका पायावर उभा राहून मामाकडे बघितलं. मामाने एकदा माझ्या पायाकडे पाहिलं, एकदा मागे देवळाकडे.

"आत हत रे खंडीभर," तो म्हणाला, "पण तुज्या मापाची नाय."