कच्चं केळं, पिकलं केळं आणि आयोडीनचा थेंब

पाच-सहा वर्षांच्या मुलांना ‘हे पौष्टिक आहे, खा’ म्हटलं की विषय तिथेच संपतो. अन्नात काय दडलंय ते डोळ्यांनी दिसलं, तर प्रश्न त्यांच्याकडूनच येतात. त्यासाठी आयोडीनचा प्रयोग सगळ्यात भरवशाचा.

जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण एक चमचा घ्या आणि त्यात दहा चमचे पाणी घाला. रंग कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. दाट राहिलं तर सगळंच काळपट दिसतं आणि प्रयोग फसतो. पांढऱ्या बशीत काकडी, कच्चं केळं, सालीवर ठिपके आलेलं पिकलं केळं आणि बटाटा यांच्या चकत्या मांडा. काकडी आधी कापा. बटाट्याची सुरी तिला लागली तर तीही निळी पडते. थेंब टाकण्याआधी ‘कुठली काळी होईल?’ हे प्रत्येकाला विचारा. हा अंदाज वगळू नका, खरी मजा त्यातच आहे.

बटाटा आणि कच्चं केळं लगेच निळं-काळं होतं, कारण त्यांच्यातल्या स्टार्चला, म्हणजे पिठूळ भागाला, आयोडीन लागलं की असा रंग येतो. काकडीवर थेंब तपकिरीच राहतो. पिकल्या केळ्यावर डाग फिकट पडतो, कारण पिकताना बहुतेक स्टार्चची साखर झालेली असते. वेगळ्या बशीतली, आयोडीन न लागलेली पिकल्या केळ्याची फोड लगेच खायला द्या: गोडी कुठून आली ते जिभेला कळतं. लिंबाच्या फोडीवर मात्र थेंबाचा रंगच उडतो. त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनला रंगहीन करतं. गरम भातावरही रंग येत नाही, भात आधी निवू द्या. स्टार्च वाईट, असं मात्र मुलांना सांगू नका. ती वनस्पतीची शिदोरी आहे.

ती शिदोरी दाखवायला राजमा घ्या. रात्रभर भिजवून साल काढली की दोन दलं अलग होतात आणि मध्ये इवलंसं रोप दिसतं. दलावर आयोडीन टाका, काळं होईल. दुसरे चार दाणे काचेच्या बरणीत, काच आणि ओला टिश्यू पेपर यांच्यामध्ये उभे ठेवा. पाणी तळाशी बोटभरच हवं. दाणा बुडाला तर त्याला हवा मिळत नाही आणि तो कुजतो. मूळ दिसल्यावर बरणी आडवी करा, एक-दोन दिवसांत त्याचं टोक खाली वळतं. पानं मोठी झाली की सुरकुतलेलं दल तोडून पुन्हा तपासा: डाग आधीपेक्षा फिकट येतो.

भिजवलेला कच्चा राजमा मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे उलट्या होतात. आयोडीन लागलेल्या फोडी थेट कचऱ्यात टाका.